पांदण रस्ता करायचाय? कुठे मजूर लावायचे आणि कुठे जेसीबी, हे ठरवण्यासाठी नव्या सरपंच-सदस्यांना मार्गदर्शक

जानेवारी उजाडला की आमच्याकडे दरवर्षी एकच वाद रंगतो. कापसाची वेचणी आटोपत आलेली असते, तूर कापायला झालेली असते, आणि पावसाळ्यात पांदणीच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या, चिखलातून बंडी काढताना बैलांचे काय हाल झाले ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं. एक जण म्हणतो, "जेसीबी बोलवा, दोन दिवसांत मोकळं करा." दुसरा म्हणतो, "रोजगार हमीत टाका, गावच्या हातांना काम मिळू द्या." दोघांचंही म्हणणं मनापासूनचं असतं. पण सगळा रस्ता एकाच पद्धतीनं करायचा असं दोघंही धरून चालतात, आणि रस्ता तिथंच बिघडतो.

मी नागपूर जिल्ह्यात कुही तालुक्यातल्या एका गावात पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. त्या काळात आमच्या गावात तीन पांदणी झाल्या. पहिली पूर्ण जेसीबीनं केली, ती पहिल्याच पावसाळ्यात खचली. दुसरी पूर्णपणे मजुरांकडूनच करायची असा मी हट्ट धरला. दबाई नीट झाली नाही आणि मुरूम काळ्या मातीनं गिळला. तिसरीच्या वेळी कोणतं काम माणसांनी करायचं आणि कोणतं यंत्रानं, हे अंदाजपत्रक होण्याआधी ठरवलं. त्या पांदणीवरून आज कापसाचा ट्रॅक्टर भर ऑगस्टमध्ये वावरातून गावात येतो. पहिल्या दोन वेळी जे चुकलं ते तुमच्या गावात चुकू नये, म्हणून हे पायरीपायरीनं लिहिते आहे.

१. आधी रस्ता कागदावर शोधा

यंत्र की मजूर हा प्रश्न नंतरचा. रस्ता कुणाचा आणि किती रुंद, हे आधी.

राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी १९४३ साली आपल्या नागपुरातच भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरली. आपली पांदण या उतरंडीत बहुधा कुठेच नसते. रस्त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक असेल, तर तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा विषय. प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेत तो आला तर निविदा निघते, कंत्राटदार येतो, यंत्रं येतात आणि पद्धत ठरवणं तुमच्या हातात राहत नाही. क्रमांक नसेल तर ती पांदण ग्रामपंचायतीनं आणि शेतकऱ्यांनी मिळूनच करायची असते, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. गाडीमार्ग आणि पायमार्ग नकाशावर वेगवेगळ्या तुटक रेषांनी दाखवलेले असतात. गाडीमार्ग साधारण साडेसोळा ते एकवीस फुटांचा आणि पायमार्ग सव्वाआठ फुटांचा धरतात. जागेवर मात्र दोन्हीकडचे धुरे (शेताचे बांध) सरकत सरकत आठ-नऊ फूटच उरलेले दिसतील.

आपल्या विदर्भात आणखी दोन कागद असतात आणि पुष्कळ नव्या सदस्यांना ते माहीतच नसतात: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. मालगुजारीच्या काळापासून गावाची वहिवाट, गुरांच्या वाटा, पाणवठ्याचे रस्ते यांत नोंदलेले आहेत, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ व १६५ मध्ये त्यांना आधार आहे. आमच्या दुसऱ्या पांदणीचा वाद याच कागदानं मिटला. एक काका दोन वर्षं म्हणत होते की वाट माझ्या वावरातली आहे. वाजिब-उल-अर्जाची नक्कल त्यांच्या मुलानं स्वतः वाचून दाखवली आणि त्यांनी आपल्या हातानं तारेचं कुंपण मागे घेतलं.

एवढं करूनही कुणी अडवलं तर दोन वाटा आहेत. असलेला रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करायचा. तो अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो. बोलणी करण्यात वर्ष घालवलं तर ही वाट बंद होते. रस्ताच नसेल आणि धुऱ्यावरून नवा हवा असेल तर महसूल संहितेचं कलम १४३.

वाद मिटण्याआधी जेसीबी आणू नका. रात्रीतून धुरा फोडला तर रस्ता होतो, पण दोन घरांचं बोलणं कायमचं तुटतं आणि पुढे पोलीस ठाण्याचे हेलपाटे सुरू होतात.

२. माती ओळखा

नागपूर जिल्हा एका मातीचा नाही. पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा हा काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा पट्टा. तिथं चढावर दोन-तीन फुटांखाली मुरूम लागतो, म्हणजे वाहतूक कमी. पूर्वेकडे मौदा, कुही, रामटेकच्या धानपट्ट्यात मुरूम लांबून आणावा लागतो. तुमच्या रस्त्यापासून मुरमाची जागा किती दूर, या एका आकड्यावर निम्मा निर्णय होतो.

काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते. तिच्यावर रस्ता करायचा म्हणजे पाणी तिच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढं धोरण. आमची पहिली पांदण फसली ती इथंच. जेसीबीवाल्यानं दोन्ही बाजूंनी बकेट मारली आणि निघालेली काळी माती ओढून मधोमध रचली. दोन दिवसांत उंच, रुंद, देखणा रस्ता. वर जेमतेम दोन इंच मुरूम. जुलैत त्या रस्त्यावर गुडघाभर चिखल झाला, आणि जुनी पायवाटसुद्धा गेल्यामुळे शाळेत जाणारी पोरं धुऱ्याधुऱ्यानं जात होती. अशी ओढलेली माती दिसली की काम तिथंच थांबवायला सांगा. ती माती थर थर पसरून, पाणी मारून, दाबून घेतली तर भरावाला चालते, पण तिचा ढीग म्हणजे रस्ता नव्हे.

मुरूम निवडताना एक साधी परीक्षा करा. घमेलंभर मुरूम बादलीत रात्रभर भिजवा. सकाळी खडे बोटानं चुरगळले आणि पाणी चिखलासारखं घट्ट झालं, तर तो मातीचा मुरूम आहे, वरच्या थराला घेऊ नका. खडे टणक राहिले आणि जरा चिकटपणाही असला तर उत्तम. तलावातला गाळ वावरासाठी सोनं आहे, रस्त्यावर मात्र तो टाकू नका. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं खोलीकरण चालू असलं की फुकट भराव म्हणून हा मोह हमखास होतो.

३. पैसा कुठला, ते बघा. बरीचशी पद्धत त्यातच ठरते

रोजगार हमीचा पैसा असेल तर मजुरीचा वाटा किमान ६० टक्के, साहित्य आणि कुशल कामाचा जास्तीत जास्त ४० टक्के. कंत्राटदार नाही. मजुरांचं काम हिरावणारं यंत्र नाही. हा नियम कुणाच्या लहरीवर आलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडून जगली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७७ च्या कायद्यात आली, आणि २००५ साली देशानं तोच धागा उचलला. त्या कामात रस्ता हा एक हेतू होता, माणसाच्या घरात दाणा जाणं हा दुसरा. यंत्राला मनाई आहे ती या दुसऱ्या हेतूसाठी.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची तरतूद आहे. म्हणून तुमच्या कामाला नेमके कोणते नियम लागू आहेत, ते पंचायत समितीच्या रोहयो कक्षात जाऊन विचारा आणि ताज्या शासन निर्णयाची प्रत मागून घ्या. मी या लेखात लिहिलेले नियम आमच्या वेळचे, मनरेगातले आहेत.

मुरमाच्या रस्त्यात साहित्य जास्त लागतं, त्यामुळे ६०:४० जुळवताना दमछाक होते. यासाठीच पांदण रस्त्यांच्या योजनांमध्ये रोजगार हमीला दुसऱ्या निधीची जोड देतात. २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना याच विचाराची. मातीकाम आणि नाल्या मजुरीतून, मुरूम, पायल्या (रस्त्याखालून पाणी जाण्याचे सिमेंटचे पाइप) आणि दबाई जोड निधीतून, अशी विभागणी अंदाजपत्रकातच करून घ्या. वित्त आयोगाचा निधी, आमदार निधी किंवा लोकवर्गणी असेल तर यंत्राला आडकाठी नाही. दोन निधींची कामं मात्र वेगळी मोजली गेली पाहिजेत. एकाच खोदाईचे पैसे दोन्हीकडून निघाले, तर चौकशी लागते आणि सही तुमची असते.

४. रस्त्याचे नव्हे, कामाचे तुकडे पाडा

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं. "पहिला अर्धा किलोमीटर मजुरांचा, पुढचा जेसीबीचा" अशी वाटणी करू नका. एकाच रस्त्यातली वेगवेगळी कामं घ्या आणि प्रत्येक कामाला विचारा, हे कुणाला चांगलं जमतं?

झुडपं आणि झाडं. काटेरी झुडपं, गवत, घाणेरी माणसांनी काढावी. वेड्या बाभळीची खोडं मात्र मुळासकट निघाली पाहिजेत, नाहीतर दोन वर्षांत रस्त्याच्या पोटातून फुटतात. दहा माणसांचा दिवस एका खोडात जातो, यंत्राला वीस मिनिटं लागतात. इथं यंत्र घ्या. मोठं झाड असेल तर तोडण्याची परवानगी आधी घ्या. आणि आंबा, मोह, कडुनिंब असेल तर रस्ताच दोन हात वळवता येतो का ते पाहा. मे महिन्यात मजूर त्याच सावलीला बसतात.

मातीकाम. रस्त्याच्या लगतची माती उचलून शेजारीच टाकायची असेल, तर माणसं हे काम उत्तम करतात. डोक्यावरच्या घमेल्यानं पन्नास-साठ पावलांपर्यंत परवडतं. त्यापुढे हातगाडी. दीडशे मीटरच्या पुढे ट्रॅक्टर-ट्रॉलीला पर्याय नाही.

नाल्या. माझं ठाम मत, नाल्या माणसांनीच खोदाव्या. जेसीबीच्या बकेटीनं नाली गरजेपेक्षा रुंद आणि उभ्या काठाची होते, काठ ढासळतात, तळाला उतार राहत नाही आणि पाणी जागोजागी तुंबतं. दोरी लावून, तिरक्या काठाची, एकसारख्या उताराची नाली बायका इतकी सुरेख काढतात की पाहत राहावं. आमच्या तिसऱ्या पांदणीची नाली सात बायकांच्या टोळीनं काढली. त्यांच्यातल्या एकीनं पाणी कुठल्या दिशेनं धावतं हे लहानपणापासून पाहिलेलं होतं. आराखड्यात उतार उत्तरेला दाखवला होता, तिनं दक्षिणेला दाखवला. नळीत पाणी भरून पातळी पाहिली, तिचंच बरोबर निघालं.

मधला फुगवटा, म्हणजे कँबर. रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता हवा. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे मातीच्या रस्त्याला ५ टक्के आणि मुरमाच्या रस्त्याला ४ टक्के उतार धरा. तीन मीटर रस्त्यात मध्यापासून कडेपर्यंत दीड मीटर होतं, म्हणजे मातीला साडेसात आणि मुरमाला सहा सेंटिमीटर. सुताराकडून दीड मीटरची एक फळी करून घ्या, एका टोकाला खाली तेवढ्या उंचीची खुंटी. खुंटीचं टोक कडेला आणि दुसरं टोक मध्यावर टेकवायचं, वर लेव्हलची काचनळी ठेवायची. बुडबुडा मधे आला की उतार बरोबर. ट्रॅक्टरच्या ब्लेडनं फुगवटा घाईत होतो आणि हमखास सपाट राहतो. ब्लेडनं पसरवा, फिनिशिंग फावड्यानं करा.

मुरूम आणणं आणि पसरणं. खोदणं, भरणं, आणणं यंत्रानं. ट्रॉलीतून ओढणं आणि पसरणं माणसांनी. माणूस पसरताना मोठे दगड आणि मातीची ढेकळं बाजूला काढतो, ब्लेड ती मुरमाखाली दडवून टाकतं.

दबाई. इथं माणसाचा हट्ट धरू नका. मी धरला होता. दुरमुसानं, म्हणजे हातानं चोपायच्या वजनानं, तीन-चार इंचांच्या पातळ थरापलीकडे काही दबत नाही. आमच्या दुसऱ्या पांदणीवर मुरूम हातानं चोपला, ट्रॅक्टर फिरवला, आणि आम्हाला वाटलं झालं. दिवाळीपर्यंत मुरूम खाली आणि काळी माती वर. आठ ते दहा टनी रोलर हवाच. सैल थर आठ इंचांपेक्षा जाड नको. त्यावर टँकरनं पाणी. मुठीत मुरूम दाबला तर लाडू व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. रोलर कडेकडून मध्याकडे फिरवायचा. चाकाची खूण उमटेनाशी झाली की थर दबला.

रोलर मिळणारच नसेल तर एक जुनी रीत आहे. यंदा फक्त मातीकाम आणि नाल्या करा, एक पावसाळा माती बसू द्या, खचलेल्या जागा भरा, मग पुढच्या वर्षी मुरूम. लोक अधीर होतात, त्यांना समजावून सांगावं लागतं.

पायल्या आणि रपटे (पाणी वरून वाहू देणारे बुटके पूल). सिमेंटच्या पायल्या उचलून बसवायला यंत्र, त्यांच्या तोंडाशी दगडी बांधकामाला गवंडी आणि मजूर. ६०० मिलिमीटरपेक्षा लहान पायली घेऊ नका, ती बुजते आणि साफ करता येत नाही. धानाच्या बांध्यांमधून रस्ता जात असेल, तर पाणी इकडून तिकडे कसं जातं ते त्या शेतकऱ्यांनाच विचारा. पायली चुकीच्या जागी बसली तर एकाचं धान बुडतं आणि दुसऱ्याचं वाळतं.

५. हिशोब कागदावर मांडा

एक किलोमीटर, तीन मीटर रुंद, दाबून १५ सेंटिमीटर मुरूम हवा असेल तर ४५० घनमीटर. सैल मुरूम साधारण तीस टक्के जास्त लागतो, म्हणजे ५८५ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. एकूण सुमारे २०० ते २१० ब्रास. ट्रॉलीचं माप स्वतः घ्या: आतली लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणून शंभरानं भागा. "एक ब्रासची ट्रॉली" म्हणून सांगितलेली आमच्याकडे पाऊण ब्रासची निघाली. दोनशे खेपांत तो फरक पन्नास ब्रासचा होतो.

आता नाल्या. वर ९० सेंटिमीटर, तळाला ३०, खोल ४५. दोन्ही बाजूंना एक किलोमीटर म्हणजे ५४० घनमीटर खोदाई. आमच्याकडे मऊ मातीत एका माणसाचं दिवसाचं काम सरासरी दोन घनमीटर पडलं. म्हणजे २७० मनुष्यदिवस. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मनरेगा दर दिवसाला ३१२ रुपये होता, त्यानं ८४,२४० रुपये. जेसीबी समजा तासाला १,२०० रुपयांनी मिळाला आणि प्रत्यक्षात तासाला २० घनमीटर निघाले, तर २७ तास, ३२,४०० रुपये.

यंत्र स्वस्त आहे, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं. पण आणखी दोन गोष्टी वहीत लिहा. ते ८४,२४० रुपये रोजगार हमीतून थेट मजुरांच्या खात्यात येतात, जेसीबीचे ३२,४०० तुम्हाला दुसरीकडून उभे करावे लागतात. आणि २७ माणसांना फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा दिवसांचं काम म्हणजे तेवढी घरं होळीआधी कामासाठी बुटीबोरी-हिंगण्याकडे जात नाहीत. उलट पायल्यांच्या खड्ड्यात कठीण दगड लागला, तर तिथं माणसं झिजवण्यात काही अर्थ नाही. मोजमाप कमी भरतं, मजुरी कमी पडते आणि मजूर काम सोडून जातात.

६. हंगाम जुळवा

सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मागू नका, मिळणार नाहीत, आणि मिळाले तर शेतकरी तुमच्यावर रागावतील. संत्र्याच्या पट्ट्यात आंबियाची आणि मृगाची तोड कधी आहे ते बघा. आमचं वेळापत्रक असं ठरलं: मातीकाम आणि नाल्या फेब्रुवारी ते एप्रिलचा पहिला पंधरवडा, मुरूम आणि दबाई मेच्या मध्यापर्यंत, नवतपा लागण्याआधी मजुरांचं काम बंद. एप्रिलपासून सकाळी सहाला सुरुवात, अकराला सुट्टी. ऊन अंगावर घेऊन काम उरकण्याची बढाई कुणालाही मारू देऊ नका, उष्माघातानं माणूस जातो.

त्यासाठी मंजुरीचं चक्र आदल्या वर्षी फिरवावं लागतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत काम आराखड्यात यायला हवं. जानेवारीत जागं झालेल्या गावाला त्या उन्हाळ्यात काम मिळत नाही.

७. जवळ काय काय हवं

कागद: ग्रामसभेचा ठराव, गाव नकाशाची प्रत, निस्तार पत्रक किंवा वाजिब-उल-अर्जाची नक्कल, लगतच्या शेतकऱ्यांचे सातबारा आणि लेखी संमतीपत्रं, हद्दीचा वाद असेल तर मोजणीचा नकाशा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कामाचा सांकेतांक, गौण खनिज काढण्याची तहसीलची परवानगी आणि वाहतूक पास, कामाआधीचे-चालू असतानाचे-नंतरचे फोटो. मजुरांसाठी जॉबकार्ड, आधार जोडलेलं बँक खातं आणि कामाच्या मागणीचा नमुना ४. मागणीची तारीख घातलेली पावती प्रत्येकानं घ्यावी. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क त्या तारखेवरून मोजतात.

परवानगीशिवाय मुरमाची एकही खेप आणू नका. ट्रॅक्टर जप्त होतो, दंड बसतो, आणि ट्रॅक्टरवाला गावातलाच असतो.

हत्यारं: फावडी, कुदळी, टिकास, सब्बल, घमेली, दोन-तीन एकचाकी हातगाड्या, दुरमुस, तीस मीटरचा टेप, सुतळी, चुना, खुंट्या, पाणी भरायची पारदर्शक नळी आणि वर सांगितलेली कँबरची फळी. हत्यारांवर कंजुषी करू नका. जागतिक बँकेनं १९७१ पासून बांधकामात माणूस आणि यंत्र यांची तुलना करणारा मोठा अभ्यास केला, भारतातल्या कामांवरही मोजमापं घेतली. वाईट हत्यारं आणि ढिसाळ नियोजन असलेलं मजुरांचं काम यंत्रापुढे टिकत नाही, हत्यारं, मजुरीची पद्धत आणि देखरेख सुधारली तर टिकतं, असं त्यातून पुढे आलं. दांडा हलणाऱ्या फावड्यानं अर्धा दिवस वाया जातो, हे आमच्या मजूर बायका कुठलाही अभ्यास न वाचता सांगतात.

८. मजूर कामावर असताना

सकाळी खुंट्या आणि चुन्यानं प्रत्येक टोळीचं काम आखून द्या: इतके मीटर, इतकं खोल. संध्याकाळी त्यांच्यासमोर टेप लावा आणि आकडा मोठ्यानं वाचा. मोजमाप पुस्तिकेत नोंद करायला तांत्रिक सहायक आठवड्यानं येतात, तोवर खड्ड्यात पाणी साचतं, काठ ढासळतो आणि मोजमाप कमी भरतं. रोजची वही असली की त्यांच्याशी बोलता येतं. मधेमधे मातीचा एक खुंट न खोदता सोडा, खोली मोजायला पुरावा राहतो.

सावली, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी हे उपकार नाहीत, कायद्यातलं आहे. सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आयांबरोबर येत असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करायची आणि तिलाही मजुरी द्यायची. काम गावापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे असेल तर दहा टक्के जास्त मजुरी. हजेरीचा फोटो अ‍ॅपवर वेळेत चढला नाही तर त्या दिवसाची मजुरी अडकते. नेटवर्क नसलेल्या पांदणीवर हा रोजचा ताप आहे. अ‍ॅपला नेटवर्क कुठे मिळतं ती जागा पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. मजुरी पंधरा दिवसांत खात्यात आली नाही तर तोंडी न सांगता लेखी तक्रार द्या.

शक्यतो मेट, म्हणजे कामावर मजुरांची हजेरी आणि देखरेख पाहणारी व्यक्ती, बाई असू द्या. आमच्याकडे बाई मेट आल्यावर नवऱ्याच्या नावावर बायकोनं राबण्याचा प्रकार थांबला.

९. यंत्र कामावर असताना

जेसीबी आणि रोलरची वेगळी वही ठेवा. सुरू करताना आणि थांबवताना तासमीटरचा आकडा, चालकाची सही, तुमच्या माणसाची सही. यंत्र बिघडून उभं राहिलं तर ते तास वजा. दर ठरवताना डिझेल कुणाचं, येण्याजाण्याचं भाडं कुणाचं, हे लिहून घ्या. यंत्रासमोर एक जाणता माणूस सतत उभा हवा. चालकाला खोदायचं माहीत असतं, कुठं थांबायचं ते तुम्ही सांगायचं असतं.

आता एक अवघड गोष्ट. तुमच्याकडे कुणीतरी येऊन म्हणेल, "ताई, रात्री जेसीबीनं काम उरकू, हजेरीपत्रकावर मजुरांची नावं दाखवू, त्यांना थोडे पैसे देऊ, उरलेल्यात मुरूम बसेल." आमच्या गावातही असा निरोप आला होता. होकार देऊ नका. ज्यांच्या नावावर पैसे निघतात त्यांचे कामाचे दिवस संपतात, खऱ्या गरजेच्या वेळी त्यांना काम मागता येत नाही. रात्री झालेल्या कामाची खोली, थर, दबाई कुणीच पाहिलेली नसते. सामाजिक अंकेक्षणात गावासमोर नावं वाचली जातात, तेव्हा त्या मजुरांना खोटं बोलावं लागतं. त्या माणसांवर ही वेळ आपण आणू नये. यंत्र हवं असेल तर यंत्राला परवानगी असलेला निधी मागा आणि दिवसाउजेडी चालवा.

१०. पहिला पाऊस

मृगाच्या पहिल्या जोराच्या सरीत छत्री आणि फावडं घेऊन रस्त्यावर चालत जा, सोबत नाली काढणाऱ्या टोळीतलं कुणीतरी घ्या. पाणी कुठं साचतं, कुठं रस्ता ओलांडतं, कुठली पायली अडली, हे त्या एका तासात दिसतं तेवढं वर्षभरात दिसत नाही. चुन्याच्या खुणा पावसात टिकत नाहीत, म्हणून खुंट्या ठोका. पहिले पंधरा दिवस ट्रॅक्टरला बंदी ठेवा, बंडी आणि माणसं चालू द्या. ओल्या रस्त्यावर केजव्हील (चिखलणीचं लोखंडी चाक) लावलेला ट्रॅक्टर एकदा गेला की चाकोऱ्या पडतात आणि पाणी त्यातच धावतं. आम्ही पांदणीच्या तोंडाशी लाकडी आडणा टाकला आणि चावी तिथल्याच एका शेतकऱ्याकडे दिली.

पोळ्यानंतर नाल्यांतलं गवत आणि गाळ काढायचा. चाकोऱ्या भरायला दोन ट्रॉली मुरूम रस्त्याच्या कडेला आधीच टाकून ठेवा. या देखभालीला यंत्र बोलावू नका, ते नालीचा आकार मोडतं. चार माणसांचं चार दिवसांचं काम असतं. आम्ही ते शेतकऱ्यांत एकरानुसार वाटून दिलं आहे, ज्याला जमत नाही तो एका मजुराची रोजी देतो. वही शाळेसमोरच्या किराणा दुकानात ठेवलेली असते आणि कुणाचं काम बाकी आहे ते कुणालाही पाहता येतं.